हात पोचत नाही तिथली कूलंट गळती: आधी शोधायची कशी, मग काढायची कशी

आठवड्याला दोन बोटं. बाटलीतलं कूलंट एवढंच उतरायचं आणि माझ्या पिकअपखालची जमीन मात्र कोरडीठाक. रात्रभर इंजिनाखाली पुठ्ठा पसरून ठेवला, सकाळी त्यावर एक थेंब नाही. लांबचा पल्ला मारून गाडी थांबवली की बोनेटच्या मागच्या कडेने गोडसर वास यायचा, खूण म्हणावी तर एवढीच. कुणी म्हणालं वॉटर पंप बदला, कुणी म्हणालं रेडिएटर गेलाय. शेवटी सापडली ती इंजिनाच्या अगदी पाठीमागे, केबिनच्या पत्र्याला जवळजवळ टेकलेल्या हीटरच्या पाइपातली एक रबरी रिंग. बोटातल्या अंगठीएवढी. तिच्यापर्यंत पोचायला माझा अख्खा दिवस गेला, रिंग बदलायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

अशा दुरुस्तीचं सगळं गणित यातच आहे. पार्ट स्वस्त असतो, तिथवर पोचणं महाग पडतं. समोर दिसणारा पाइप अंदाजाने बदलला आणि अंदाज चुकला तर अर्धा तास गेला म्हणायचं. पण इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांना हवा पोचवणारा वरचा भाग, उतरवून अंदाज चुकला तर दोन दिवस गेले, नवी गॅस्केटं (जोडांमधली सपाट सीलं) गेली आणि गळती जिथल्या तिथे राहिली. म्हणून पाना हातात घेण्याआधी गळतीची जागा डोळ्यांनी बघितलेली असली पाहिजे. या लेखाचा बराचसा भाग त्या शोधावरच खर्च केला आहे, तो मुद्दाम.

आधी थोडं यंत्रणेविषयी. कूलंट म्हणजे पाणी, ग्लायकॉल आणि गंज रोखणारी रसायनं. पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल निम्मे-निम्मे असतील तर ते मिश्रण मोकळ्या हवेत साधारण १०७ अंश सेल्सिअसला उकळतं. पण यंत्रणा मोकळी नसते. रेडिएटरच्या किंवा कूलंटच्या बाटलीच्या झाकणात स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो आणि तो बहुतेक गाड्यांत १३ ते १६ पीएसआय, म्हणजे साधारण एक बार दाब आत धरून ठेवतो. कुकरमध्ये जे घडतं तेच इथे घडतं. दाबामुळे उकळण्याची पातळी १२५ अंशांच्या पुढे जाते आणि भर चढावर, लादलेल्या गाडीतही कूलंट द्रवच राहतं.

आता या दाबाचे परिणाम बघा. इंजिन थंड असताना जी भेग ठणठणीत वाटते, तीच दाब चढल्यावर बारीक फवारा मारते. तो फवारा तापलेल्या एक्झॉस्टवर पडला की वाफ होऊन उडून जातो, जमिनीपर्यंत काही पोचतच नाही. आणि गळतीमुळे दाबच टिकला नाही तर उकळण्याची पातळी खाली येते, मग बाटलीत कूलंट पुरेसं दिसत असूनही इंजिन उकळायला लागतं. झाकणाचा रबर कडक झाला किंवा स्प्रिंग ढिली पडली तरी हेच होतं. म्हणून शोधाची पहिली पायरी झाकण. ते तपासायला कुठेही हात घालावा लागत नाही. मात्र झाकण उघडायचं ते इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच. गरम असताना उघडलं तर दाब एका क्षणात सुटतो, आतलं कूलंट जागच्या जागी उकळून तोंडावर उसळतं आणि चेहरा, हात भाजून निघतात.

पिकअपमध्येच ही अडचण इतकी का?

बोनेट उघडलं की पुढचा भाग ऐसपैस दिसतो. पण बहुतेक पिकअपमध्ये इंजिन लांबीला उभं बसवलेलं असतं आणि त्याचा मागचा भाग काचेखालच्या पत्र्यात शिरलेला असतो. हीटरचे पाइप नेमके तिथेच. शिवाय ओढायची ताकद हवी म्हणून टर्बो आणि ऑइल कूलर, प्रदूषण कमी व्हावं म्हणून धुराचा काही भाग थंड करून परत इंजिनात सोडणारा ईजीआर कूलर, आणि या सगळ्यांना कूलंट पुरवणारे छोटे-छोटे पाइप. प्रत्येक पाइपाला दोन टोकं, आणि प्रत्येक टोक म्हणजे गळतीची एक शक्यता.

व्ही आकाराच्या इंजिनाची तऱ्हा आणखी वेगळी. सिलिंडरच्या दोन रांगांमध्ये, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली एक खोलगट जागा असते, दोन डोंगरांमधल्या घळीसारखी. तिथला एखादा पाइप किंवा गॅस्केट पाझरू लागलं की कूलंट आधी त्या घळीत साचतं. काही दिवस बाहेर काहीच दिसत नाही. घळ भरली की मागच्या बाजूने ओसंडतं, गिअरबॉक्सच्या आवरणावरून ओघळतं आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावरून टपकतं. खालून बघणाऱ्याला वाटतं, क्रँकशाफ्टचं मागचं सील गेलं. ते सील बदलायचं म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचा. एवढं केल्यावर कळतं की सील चांगलं होतं! गाडी चढावर नाक वर करून उभी केली की ठिबकणं वाढतं आणि सपाटीवर थांबतं, असं दिसलं तर या घळीचा संशय आधी घ्यावा.

बाकी जागांबद्दल थोडक्यात. वॉटर पंपाच्या पोटाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील झिजलं की कूलंट बेअरिंगमध्ये न जाता त्या भोकातून बाहेर यावं म्हणून. पण ते पुलीच्या मागे असल्याने दिसत नाही आणि तिथून पडलेला थेंब फिरत्या बेल्टमुळे चारी दिशांना उडतो. इंजिन ब्लॉकच्या कडेला वाटीसारखी पत्र्याची बुचं ठोकलेली असतात, ती आतून गंजून पाझरतात, आणि त्यातली काही एक्झॉस्टच्या आड तर काही थेट गिअरबॉक्सच्या आड असतात. केबिनची हवा गरम करायला कूलंट जिच्यातून फिरतं ती हीटरची छोटी जाळी डॅशबोर्डच्या पोटात असते. ती गळली तर बोनेटखाली सगळं कोरडं, पण पायाखालचं कार्पेट ओलं, आणि काचेवर आतून तेलकट धुकं, जे कापडाने पुसलं तरी पसरतच राहतं.

थेंब पडतो तिथे गळती नसते

आधी हे कूलंटच आहे ना, ते ठरवा. एसीचं पाणी नितळ असतं, वास नाही, बुळबुळीतपणा नाही. कूलंट बोटांत चोळलं की किंचित चिकट-बुळबुळीत लागतं आणि वास गोडसर. चव घेऊन बघायची नाही, इथिलीन ग्लायकॉल विष आहे. नुसत्या रंगावर विसंबू नका. हिरवा, गुलाबी, नारिंगी, निळा असे रंग कंपन्या आपापल्या मर्जीने घालतात.

मग वाळलेल्या खुणा शोधायच्या. कूलंटमधलं पाणी उडून गेलं की मागे रसायनांची खपली राहते: पांढरट, हिरवट किंवा गुलाबी, जखमेवरच्या खपलीसारखीच. जिथे हात पोचत नाही तिथे आरसा पोचतो, आरसा पोचत नाही तिथे वायरच्या टोकाला बसवलेला, मोबाइलला जोडता येणारा छोटा कॅमेरा पोचतो. मला स्वतःला या कामात सगळ्यात जास्त उपयोग झाला तो या कॅमेऱ्याचा. मॅनिफोल्डच्या खालच्या फटीतून तो मागे सरकवला, इंच-इंच करत, आणि पडद्यावर काळ्या रबरी पाइपाच्या गळ्याभोवती एक गुलाबी कडं दिसलं. कडं एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पुसट. जाड बाजूखाली ब्लॉकवर एक बारीक ओघळ उतरलेला, मुंगीची रांग असावी तसा. तो ओघळ पुढे एक्झॉस्टच्या पत्र्यावर पोचून संपला होता. पुठ्ठा कोरडा का राहिला, ते तिथे कळलं.

एक नियम मात्र पक्का धरावा. ओल जिथे दिसते तिथून वर आणि पुढे बघत जायचं. कूलंट खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वारा व पंखा त्याला मागे ढकलतात, म्हणून सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला बिंदू हाच खरा संशयित. जुनी घाण आणि तेल असेल तर आधी धुऊन कोरडं करा, नाहीतर जुना डाग नव्या गळतीची साक्ष देतो.

खुणांनी भागलं नाही तर दाबाची चाचणी. झाकणाच्या जागी हातपंप बसवतात आणि थंड इंजिनातच दाब भरतात. दाब भरायचा तो झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतकाच. जास्त भरला तर धडधाकट पाइप आणि रेडिएटरचे जोडही फुटू शकतात. मग पंपावरचा दाबाचा काटा बघत बसायचं, पंधरा-वीस मिनिटं तरी. इंजिन बंद, पंखा बंद, एक्झॉस्ट थंड, त्यामुळे थेंब उडून जात नाही, पडतो, आणि शांततेत त्याचा फिस्स आवाजही ऐकू येतो. काही गळत्या फक्त थंड असतानाच होतात, कारण धातू आणि रबर आकसतात व जोड सैल पडतो. काही फक्त तापल्यावर होतात. म्हणून थंडीत काटा हलला नाही तर इंजिन तापवून पुन्हा चाचणी घ्यावी. त्यासाठी हातपंप इंजिन थंड असतानाच बसवलेला ठेवायचा, तापताना दाब झाकणावरच्या आकड्यापुढे जाऊ द्यायचा नाही आणि पंप काढायचा तो इंजिन पुन्हा पूर्ण थंड झाल्यावरच.

अगदी मंद पाझर असेल तर कूलंटमध्ये चमकणारा रंग टाकून दोन-चार दिवस गाडी चालवायची आणि अंधारात अतिनील टॉर्च मारायचा. गळतीची वाट पिवळी-हिरवी उजळते. काही कूलंट मुळातच थोडं चमकतं, त्यामुळे भरताना सांडलेलं आधी नीट धुऊन टाका.

आणि काटा पडतोय पण बाहेर कुठेच ओल नाही, असं असेल तर? तर कूलंट आत जातंय. सायलेन्सरमधून गोड वासाचा पांढरा धूर, जो इंजिन तापल्यावरही थांबत नाही. बाटलीत सतत बुडबुडे. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटाभरातच टणक होणारा वरचा पाइप. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय. ही सगळी लक्षणं हेड गॅस्केटकडे, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या सीलकडे, बोट दाखवतात. खात्री करायला एक निळं द्रव मिळतं, कूलंटच्या बाटलीतली हवा त्यातून ओढायची, ज्वलनातला वायू असेल तर ते पिवळं पडतं. पण डिझेल पिकअपमध्ये ईजीआर कूलर आतून फुटला तरी पांढरा धूर येतो आणि कूलंट गायब होतं. हेड उतरवण्याआधी ईजीआर कूलर वेगळा काढून तपासा, असं मी आग्रहाने सांगेन. दोन्ही कामांतलं अंतर फार मोठं आहे.

वाट कुठून काढायची

जागा कळली की मग पोचण्याचा विचार. वरून, बाजूने की खालून, हे कागदावर ठरवावं. बऱ्याच जणांना बाजूची वाट सुचत नाही. पुढचं चाक काढून चाकाच्या कमानीतलं प्लॅस्टिकचं अस्तर उतरवलं की इंजिनाची कूस खिडकी उघडावी तशी समोर येते. ब्लॉकवरची बुचं, एक्झॉस्टच्या खालचे पाइप, ऑइल कूलर यांना इथून हात घालता येतो. गाडी जॅकवर सोडून असं काम कधीही करू नका. चेसिसखाली स्टँड, मागच्या चाकांना ओट. बॅटरी काढलेली असावी, कारण काही गाड्यांत विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप फिरू शकतो.

इंजिनाच्या पाठीमागे जागा हवी असेल तर आणखी एक युक्ती आहे. गिअरबॉक्सला खालून जॅकचा आधार द्यायचा, त्याचं माउंट सोडायचं आणि मागची बाजू हळूहळू थोडी उतरवायची. सगळं इंजिन मागे कलतं आणि काचेखालच्या पत्र्याशी थोडी जागा मोकळी होते. मात्र उतरवताना पुढे पंखा त्याच्या आवरणाला लागत नाही ना आणि कुठला पाइप किंवा वायर ताणली जात नाही ना, हे दुसऱ्या माणसाने बघत राहायला हवं. चेसिसवर वेगळी केबिन बसवलेल्या काही मोठ्या डिझेल पिकअपमध्ये तर अनुभवी मेकॅनिक सरळ केबिनच उचलतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण मोठ्या कामात वाकून-वाकून तीन दिवस घालवण्यापेक्षा ते लवकर होतं. घरी करण्याचं ते काम नाही, त्याला लिफ्ट लागते.

पाइपाचं टोक आवळून धरणारे स्प्रिंगचे क्लॅम्प सांदीत साध्या पक्कडीने निघत नाहीत. त्यासाठी लांब केबलची पक्कड मिळते, जबडा तिकडे आणि मूठ आपल्या हातात. ती असली तर कामाचा निम्मा त्रास वाचतो. स्प्रिंगचा क्लॅम्प काढून स्क्रूचा बसवण्याचा मोह होतो, तो टाळा. रबर तापून फुगतं, थंड होऊन आकसतं, स्प्रिंग त्याच्याबरोबर हलते, स्क्रू हलत नाही. आणि नवा क्लॅम्प बसवताना त्याचे कान अशा दिशेला ठेवा की पुढच्या वेळी पक्कड पोचेल.

व्ही इंजिनाचं मॅनिफोल्ड उचलण्याआधी घळीत साचलेलं कूलंट शोषून घ्या. नाहीतर मॅनिफोल्ड हलवताच ते इनटेकच्या उघड्या तोंडांतून थेट सिलिंडरमध्ये जाईल. ती तोंडं लगेच स्वच्छ कापडाने बंद करायची. एक नट आत पडला तर दिवसाचं काम आठवड्याचं होतं. ॲल्युमिनियमवरचं जुनं गॅस्केट प्लॅस्टिकच्या पात्यानेच खरवडायचं. खरखरीत चकती लावून ग्राइंडर फिरवू नका. पृष्ठभागाला खड्डे पडतात आणि ती बारीक धूळ ऑइलमध्ये जाऊन बेअरिंग खाते. बोल्ट मॅन्युअलमधल्या क्रमाने आणि तिथे दिलेल्या टॉर्कलाच, म्हणजे आवळण्याच्या ठरलेल्या जोरालाच, आवळायचे. रबरी रिंग बसवताना तिला ग्रीस न लावता ताजं कूलंट लावायचं, कारण कूलंटच्या कामातलं ईपीडीएम रबर खनिज तेलाने फुगतं. रिंगसोबत जास्तीचा सिलिकॉन थापू नये. आत सुटलेला त्याचा तुकडा कुठल्या अरुंद वाटेत जाऊन अडकेल, सांगता येत नाही.

आता तो महाग पडलेला प्रवास वसूल करायचा. एवढ्या आत पोचलोच आहोत तर आसपासचं जे काही रबर आणि प्लॅस्टिक आहे ते बदलून टाका. हीटरचे पाइप, प्लॅस्टिकचे टी-जोड, थर्मोस्टॅट, त्या वाटेवरची प्रत्येक रिंग. पाइप वरून चांगला दिसतो म्हणून ठेवू नका. रबर बहुतेकदा आतून आणि टोकांपाशी खराब होतं. टोकाजवळ चिमटीत दाबून बघा, मधल्यापेक्षा मऊ लागलं तर तो गेलाच.

गळती बुजवणाऱ्या बाटल्यांबद्दल विचारलं जातंच. सोडियम सिलिकेट किंवा बारीक तंतू घातलेलं ते द्रव भेगेत अडकून ती बुजवतं. पण भेग कुठली आणि हीटरच्या जाळीची बारीक नळी कुठली, हे त्याला कळत नाही. ऑइल कूलरच्या अरुंद वाटाही त्याने तुंबू शकतात. रस्त्यात अडकलात आणि सुरक्षित जागी पोचायचं आहे, तेवढ्यापुरतं ठीक. हात पोचत नाही म्हणून कायमचा उपाय समजून ओतणार असाल, तर माझं उत्तर ठाम नाही असं आहे. फक्त हीटरची जाळी गळत असेल तर त्याहून चांगली तात्पुरती सोय बहुतेक गाड्यांत करता येते: तिचे येणारे आणि जाणारे पाइप एका तुकड्याने परस्परांना जोडून टाकायचे. केबिन गरम होणार नाही, इंजिन सुखरूप राहील.

तोवर गाडी चालवावीच लागली तर तापमानाच्या काट्यावर पूर्ण भिस्त ठेवू नका. अनेक गाड्यांत तो मुद्दाम मध्यावर स्थिर राहील असा बनवलेला असतो. आणि कूलंट इतकं उतरलं की सेन्सरच उघडा पडला, तर तो वाफेचं तापमान दाखवतो, धातूचं नाही. हीटर चालू असताना अचानक थंड हवा यायला लागली, तर आत कूलंट कमी पडलंय. तिथेच बाजूला थांबायचं. ॲल्युमिनियमचं हेड एकदा जास्त तापलं की वाकू शकतं. थांबल्यावर तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

दुरुस्तीनंतर भरताना मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जातीचंच कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी घ्या, वेगवेगळ्या जाती एकत्र करू नका. काढलेलं जुनं कूलंट झाकणबंद डब्यात. त्याच्या गोड चवीला कुत्री भुलतात, मांजरंही ते चाटतात आणि थोडंसं प्यायल्यानेही ती मरू शकतात, म्हणून ट्रे उघडा ठेवून जेवायलासुद्धा उठू नका. गाडीचं नाक थोडं उंच करून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून सावकाश भरायचं, हवा काढायचे स्क्रू असतील तर ते उघडायचे. मागच्या उंच पाइपात हवा हमखास अडकते. डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू आली तर समजायचं, अजून आहे. यंत्रणेतली हवा आधी ओढून मग कूलंट आत घेणारं साधन मिळालं तर हा सगळा व्याप टळतो.

मग बाटलीवर चिकटपट्टी लावून थंड इंजिनाची पातळी पेनाने आखायची. पहिले दोन-तीन दिवस ती किंचित उतरते, अडकलेली हवा बाहेर पडत असते. तेवढं भरायचं, नवी रेघ आखायची आणि रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी बघायचं. माझ्या गाडीत तिसऱ्या दिवशी आखलेली रेघ महिन्याभराने पाहिली, कूलंट बरोबर तिला टेकून होतं.